वाचक विचारतात : रस्त्याकडेची झाडे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे झाडांबद्दलची आहेत. पावसाळा तोंडावर आला की असे होतेच. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या बेळगावातल्या अनगोळच्या कॉलनीत गेल्या जुलैत ठेकेदाराने रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोपे लावली, लोखंडी पिंजरेही बसवले. मे उजाडेपर्यंत निम्म्याहून अधिक वाळली. जमीनच वाईट आहे, असे तो म्हणतो. खरे काय?

जमिनीला दोष देणे सोपे असते, कारण तिला कोणी नोटीस काढत नाही. एक वाळलेले रोप उपसून पाहा. मुळे पिशवीच्या आकारातच गोल गुंडाळलेली दिसली, तर रोप लावतानाच मेले होते, फक्त दिसायला सहा महिने लागले. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी वेटोळे घेते. लावताना पिशवी पूर्ण काढून तळाची दोन-तीन सेंटीमीटर मुळे धारदार सुरीने छाटावी लागतात आणि मुळांच्या गोळ्याच्या कडेला उभ्या दोन-तीन चिरा द्याव्या लागतात. घाईतला मजूर पिशवीला नुसत्या चिरा मारून रोप आत ढकलतो.

दुसरा दोष खड्ड्याचा. 60 सेंटीमीटर लांब, रुंद, खोल असा खड्डा म्हणजे सुमारे 216 लिटर माती, साधारण पंधरा घमेली. अंदाजपत्रकात खड्डा एवढा असतो. जागेवर बहुतेकदा तो पहारीने उकरलेला, वीतभर रुंद असतो. तपासायचे असेल तर रोप लावण्याआधी, मे महिन्यात, खड्डे उघडे असताना टेप घेऊन जा. नंतर काहीच मोजता येत नाही.

आता जमीन. बेळगावात दोन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. वडगाव-येळ्ळूर बाजूच्या काळ्या जमिनीत खड्डा हौदासारखा भरतो, पाणी तुंबून मुळे कुजतात, आणि उन्हाळ्यात तीच माती भेगाळून मुळे तोडते. तिथे तळाला 15 सेंटीमीटर मुरूम टाकावा, भरलेली माती आजूबाजूपेक्षा थोडी उंच ठेवावी आणि आळे पावसात एका बाजूने फोडून ठेवावे. हिंडलगा, जांबोटी, खानापूर भागातल्या तांबड्या, जांभ्या जमिनीत उलट होते: पाणी झरझर निघून जाते आणि तळाला कातळासारखा थर लागतो. तो पहारीने फोडल्याशिवाय मूळ खाली जात नाही. भरताना दोन भाग वरची माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत घ्यावे. वाळवी असेल तर पाव ते अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळावी. खोदलेला मुरूमच परत खड्ड्यात लोटायचा नाही.

तरीही रोप खरे मरते ते पाण्यावाचून. एका रोपाला एका वेळी 20 लिटर पाणी धरा. 5000 लिटरच्या टँकरमध्ये 250 रोपे होतात. 500 रोपांना एका फेरीला दोन टँकर, आठवड्यातून दोन फेऱ्या, फेब्रुवारी ते मे सोळा आठवडे: एकूण 64 टँकर. हे एका उन्हाळ्याचे, आणि झाडाला निदान तीन उन्हाळे जपावे लागते. ठेक्यात हा आकडा लिहिलेला आहे का, टँकरच्या नोंदी कोण ठेवतो, नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) कोणी आणि कधी भरायच्या, हे नगरसेवकाला विचारा. किती रोपे लावली हे सगळे सांगतात. तीन वर्षांनी मोजणी करून राहिलेला हप्ता देण्याची अट ज्या ठेक्यात असते, तिथेच झाडे दिसतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाणी वाचवायला आच्छादन घाला. चिक्कोडी-निपाणीकडे उसाचे पाचट फुकट मिळते. आठ-दहा सेंटीमीटर थर द्या, पण खोडाला चिकटवू नका, चार बोटे मोकळी ठेवा. नाहीतर साल कुजते.

प्रश्न : रोपे लावायला सर्वांत चांगली वेळ कोणती? आमच्या अथणीला आणि खानापूरला एकच तारीख कशी चालेल?

चालत नाही, पण वृक्षारोपणाचे कार्यक्रम जूनच्या पहिल्या आठवड्यातच होतात, पाऊस आलेला असो वा नसो. खानापूर-बेळगाव पट्ट्यात मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस होऊन माती हातभर खोल ओली झाली की लावावे. अथणी, रायबाग बाजूला जून-जुलैचा पाऊस भरवशाचा नाही, चांगला पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो. तिथे ऑगस्टअखेर लावून परतीच्या पावसाचा फायदा घेणे शहाणपणाचे. त्या भागात रोपही मोठे घ्या. 5×8 इंची पिशवीतले रोप शेताच्या बांधाला ठीक. रस्त्याकडेला शेळ्या, गाड्या आणि धूळ सोसायला 10×16 किंवा 14×20 इंची पिशवीतले, पाच-सहा फुटांचे रोप हवे.

प्रश्न : घरासमोरच्या रस्त्यावरचे जुने झाड कलले आहे. माझे मेहुणे कोल्हापूरला असतात, ते म्हणतात महापालिकेत अर्ज द्या. इथे महापालिका म्हणते आमच्याकडे नाही. जायचे कुठे?

मेहुणे त्यांच्या जागी बरोबर आहेत. महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 चा कायदा आहे आणि तिथे पालिकेचे वृक्ष प्राधिकरण परवानगी देते. आपल्याकडे कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, 1976 लागू आहे. त्यात परवानगी देणारा वृक्ष अधिकारी हा वन खात्याचा अधिकारी असतो. झाड महापालिकेच्या रस्त्यावरचे असले तरी परवानगी वन खात्याची, आणि तोडण्याचे काम जागेच्या मालकाचे. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, महामार्गाचा की छावणी मंडळाच्या हद्दीतला, हे आधी पाहून घ्या. नाहीतर अर्ज दोन महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

अर्जात झाडाची जात, छातीच्या उंचीवर (साडेचार फुटांवर) मोजलेला घेर, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक, आणि दोन-तीन बाजूंनी काढलेले फोटो द्या. ‘धोकादायक आहे’ एवढेच लिहून भागत नाही, लक्षणे लिहा: कललेल्या बाजूच्या उलट अंगाला जमिनीला भेग पडली आहे का, बुंध्याशी अळंब्यांच्या छत्र्या उगवल्या आहेत का, खोडावर हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, कल अलीकडे वाढला आहे का. झाड लहानपणापासून तिरके असेल आणि शेंडा पुन्हा सरळ वर वळला असेल, तर बहुधा घाबरण्यासारखे काही नसते. कानडी लिहिता येत नसेल तर कोणाकडून तरी एका पानाचा कानडी अर्ज लिहवून घ्या, मराठी प्रत सोबत जोडा. काम लवकर पुढे सरकते.

नारळ, नीलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक यांसारख्या काही जातींना परवानगीची गरज नाही. मात्र कायद्यातल्या ‘तोडणे’ या व्याख्येत फांद्या छाटणे, साल काढणे, विष घालणे हेही येते. म्हणजे शेंडा उडवायचा असला तरी विचारावे लागते. आणि सार्वजनिक कामासाठी पन्नासाहून अधिक झाडे जाणार असतील, तर आधी लोकांच्या हरकती मागवणे बंधनकारक आहे. रस्ता रुंदीकरणाची बातमी आली की ही जाहीर सूचना शोधा.

प्रश्न : वीज कंपनीची माणसे दरवर्षी वळवाच्या आधी तारांखालच्या झाडांची एक बाजू भकास करून जातात. हे योग्य आहे का?

तारांपासून अंतर ठेवणे गरजेचे आहे. चूक आहे ती पद्धतीत. एकाच अंगाच्या फांद्या काढल्या की झाडाचा भार दुसऱ्या बाजूला जातो, आणि एप्रिल-मेच्या सोसाट्यात ते तिकडेच पडते. कोयत्याने मध्येच ठेचलेल्या फांदीतून झाडूसारखे फुटवे येतात, ते दोन-तीन वर्षांत पुन्हा तारेला भिडतात, आणि त्यांची पकड सालीपुरती असल्याने सहज निखळतात.

जाड फांदीला तीन काप द्यावे लागतात. पहिला खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, पाव जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पलीकडे: फांदी पडते, पण साल खोडापर्यंत सोलत नाही. तिसरा काप बुडाशी जो फुगीर कंगोरा दिसतो, त्याच्या लगेच बाहेर. कंगोरा कापला तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून पोकळी खोडात उतरते. एका वेळी पालवीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक काढू नये. डांबर किंवा ऑइलपेंट फासू नये. बोर्डो पेस्ट (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर) बागायतदार लावतात, तीही चुकीचा काप सुधारत नाही.

मुळात तारांखाली आपटा, कांचन, फार तर बहावा लावावा. समोरच्या मोकळ्या बाजूला करंज, बकुळ, ताम्हण. जांभूळ उत्तम झाड, पण मे-जूनमध्ये खाली दुचाकी घसरतात, तेव्हा ते मैदानाकडेला लावा. कडुनिंब अथणीकडे छान होतो, खानापूरच्या पावसात रडतो. गुलमोहर आणि पिचकारी यांचे लाकूड ठिसूळ, घरांजवळ नकोत.

प्रश्न : फुटपाथ करताना बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले आहे. काही करता येईल?

येईल. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश दिला होता. अर्जात त्याचा दाखला द्या आणि तेवढीच जागा मागा. फोडताना ब्रेकर बुंध्याजवळ नको, छिन्नी-हातोडा वापरावा. बहुतेक पोषक मुळे वरच्या 60 सेंटीमीटरमध्येच असतात, म्हणून मोकळ्या जागेत खोल खणू नये. नुसती भुसभुशीत माती आणि पालापाचोळा भरावा. पाइपलाइनचा चर जवळून जाणार असेल तर हाताने खणायला सांगा, आणि मनगटाएवढे मूळ लागले तर पाइप त्याच्याखालून घालायला लावा.

पिंजरेही तपासा. तीन-चार वर्षांनी खोड पट्टीला टेकले की पिंजरा काढायलाच हवा. रुतलेली पट्टी ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी कापून आतला तुकडा तसाच राहू द्या.