पाळी जाण्याच्या वयातलं नैराश्य: आक्कांची गोष्ट

"पाळी जायच्या वयात असं होतंच ना हो?" पंचेचाळिशीच्या आसपासच्या बायका हे विचारतात, तेव्हा त्यांना बहुतेक वेळा ‘हो’ एवढंच ऐकायचं असतं. मी अर्धंच ‘हो’ देते. अंगातून गरम वाफा येणं, रात्री घामाने कपडे भिजणं, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड, कुठे काय ठेवलं ते विसरणं, हे पुष्कळजणींना होतं आणि ओसरतंही. पण दोन आठवडे रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खचलेलं असेल, पूर्वी जे आवडायचं त्यातलं काहीच नकोसं वाटत असेल, तर ते वयावर ढकलू नये. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

कोपरखैरण्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे आक्का म्हणते. वय ४७, गाव साताऱ्याकडचं, नवरा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी कामगार. आक्का घरून डबे द्यायच्या, वीसेक तरी. त्यांना मुलगी घेऊन आली होती, कारण डबे बंद पडले होते. ती म्हणाली, "पैशाचं सोडा मॅडम. पण ताप असला तरी आईनं कधी डबे चुकवले नव्हते."

पहिल्या भेटीत आक्कांनी मनाचं काहीच काढलं नाही. डोकं जड होतं, छातीत धडधडतं, गुडघे धरतात, तोंडाला चव नाही. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायकांचं दुःख असं अंगदुखीतूनच आत येतं, त्यामुळे मी त्यांना अडवत नाही. पाळी दोन वर्षं मागेपुढे होत होती. कधी दोन-दोन महिने यायची नाही आणि आली की दहा-बारा दिवस भरपूर अंगावर जायचं. मग मी गावच्या यात्रेचं विचारलं. त्या म्हणाल्या, "औंदा गेलेच न्हाई. कुणाला भेटू, काय घालू, कशाचीच हौस वाटंना." हे त्यांनी इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मुलीच्याच डोळ्यांत पाणी आलं.

अशा वेळी आम्ही पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतो. मागच्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला ते विचारायचं, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली की नीट तपासायला हवं. आक्कांचे १७ झाले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तो मी मुलीला बाहेर बसवून, आडवळण न घेता विचारला. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती घरोघरी आहे, पण ती खरी नाही. विचारलं की माणूस मोकळं होतं. आक्का म्हणाल्या, "झोपले ती सकाळी उठलेच न्हाई तर बरं, येवढं वाटतं. करायचं काय मनात न्हाई." ठरवलेलं काही नव्हतं, तरी हे मुलीच्या कानावर घालायला त्यांची परवानगी घेतली. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मुलीच्या फोनमध्ये लगेच घातला. ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता शरीराचं. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असं धरतात. आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ च्या वयात होतं. पण मनाला जास्त त्रास त्याआधीच्या काही वर्षांत होतो. तेव्हा इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन सरळ रेषेत कमी होत नाही, वर जातं, खाली येतं. मेंदूतल्या ज्या रसायनांवर मूड आणि झोप अवलंबून असते, त्यांच्याशी त्याचा संबंध आहे. सगळ्याजणींना या चढउताराने नैराश्य येत नाही. ज्यांना आधी कधी नैराश्य येऊन गेलंय, बाळंतपणानंतर आलंय किंवा पाळीच्या आधी ज्यांचं मन फार बिघडायचं, त्यांना धोका जास्त. आक्कांना दुसऱ्या बाळंतपणानंतर तीन महिने रडू यायचं. तेव्हा माहेरी ‘बाहेरचं’ समजून उतारा टाकला होता.

पण सगळं हार्मोन्सवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. आक्कांना रोज पहाटे तीनला घाम येऊन जाग यायची. तीनलाच का, हे त्यांच्याकडूनच हळूहळू कळलं. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आक्का तीनला उठून त्यांची कूस बदलायच्या. वर्षापूर्वी त्या गेल्या आणि सगळ्यांनी आक्कांना सांगितलं, "सुटलीस बाई." नणंदांना रडायला जागा होती, सुनेला नव्हती. आता तीनला जाग येते, नवरा मार्केटला जायच्या तयारीत असतो, तो गेला की घर सुनं आणि करायला काही नाही. "म्हातारी लई बोलायची मला," आक्का म्हणाल्या, "पर तिचं माझ्याबिगर पान हलत नव्हतं." त्या दिवशीची भेट सगळी सासूबाईंवरच गेली. ज्या बाईशी आयुष्यभर पटलं नाही तिच्यासाठीही शोक असतो, आणि तो उघड करायची सोय आपल्याकडे नाही.

या काळात जाऊबाईंचा गावाहून सल्ला आला, "पिशवी काढून टाक, समदं थांबतं." हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की मला त्यावर रागच येतो. गर्भाशय काढणं ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि नैराश्यावर ती उपाय नाही. शिवाय गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली, तर जे काही वर्षांत हळूहळू झालं असतं ते एका दिवसात होतं. वाफा आणि मूडचा त्रास त्याने वाढू शकतो. गाठ असेल, रक्तस्राव दुसऱ्या कशाने थांबतच नसेल, तर गोष्ट वेगळी, पण ते सोनोग्राफी बघून स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील.

आक्कांना त्यांच्याकडे पाठवलं. थायरॉइड ठीक निघालं. ते तपासावंच लागतं, कारण ते कमी पडलं तरी माणूस असाच मंद, उदास होतो. हिमोग्लोबिन मात्र ८.६ होतं. एवढ्या कमी रक्तावर डोकं जड होणार आणि धडधडणारच. लोह सुरू झालं, रक्तस्रावावर औषध मिळालं. वाफांसाठी हार्मोनच्या गोळ्यांचाही विषय निघाला. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर या गोळ्यांची फार भीती बसली. आता साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला त्यांचा फायदा धोक्यापेक्षा सहसा जास्त मानतात. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर त्या देत नाहीत. आक्कांनी तूर्त नको म्हटलं, आणि तेही चाललं.

अडलं ते मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढल्यावर. नवऱ्याने मला फोन केला, "मॅडम, तिला ठाण्याला न्यायला सांगताय का?" ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, आणि आपल्या घरांतून त्या गावाचं नाव अजून धमकीसारखं घेतलं जातं. खरं तर तिथल्या ओपीडीतूनही रोज माणसं औषध घेऊन आपापल्या घरी परत जातात. मी आक्कांच्या नवऱ्याला, भाऊंना म्हटलं, तुम्हीच एकदा या, मग बोलू.

ते आले, मार्केटच्या कपड्यांतच. "तिला काय कमी हाय, सांगा." थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्यावर रागावलीय का? जवळ गेलं की झटकती." योनीमार्ग कोरडा पडल्यामुळे आक्कांना संबंध दुखत होते. हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मलाही तिसऱ्या भेटीत सांगितलं. त्यावर लावायचं मलम मिळतं आणि चांगलं लागू पडतं, हे ऐकून भाऊ इतके हलके झाले की जाताना त्यांनी आणखी काय करू असं विचारलं. "होईल बरं, मन रमव" हे म्हणणं बंद करा, एवढंच सुचवलं. त्यांनी त्याच संध्याकाळी टेबलफॅन आणला. तो आक्कांच्या उशाशी लावला आणि स्वतः चादर घेऊन झोपू लागले. मला वाटतं माझ्या चार भेटींचं काम त्या पंख्याने केलं असेल.

मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावरची गोळी दिली. आक्कांना वाटलं ती झोपेची, सवय लागेल. झोपेच्या काही गोळ्यांची लागते तशी सवय हिची लागत नाही. पण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि सुरुवातीला मळमळ, बेचैनी होऊ शकते. नेमक्या त्याच दिवसांत बायका ती सोडतात. यातल्या काही गोळ्यांनी वाफाही कमी होतात, ते आक्कांना पटलं.

माझ्याकडे काम छोटं ठेवलं. मन लागेल तेव्हा करीन, असं म्हटलं तर नैराश्यात ती वेळ येत नाही, म्हणून आधी करायचं. दोनच डबे, शेजारच्या दोन मुलांचे. तीनला जाग आली की अंथरुणात तळमळत पडायचं नाही. उठून खिडकीशी बसायचं, झोप येऊ लागली की परत आडवं व्हायचं. दुपारची झोप बंद. रिक्षात वाफ आली की आक्कांना वाटायचं, "समदी माझ्याकडंच बघत्यात, आता चक्कर येऊन पडणार." ती वाफ सहसा पाच-सात मिनिटांत उतरते. त्यांनी घड्याळ लावून पाहिली तेव्हा त्यातली धास्ती कमी झाली.

मग दिवाळीच्या तोंडावर आक्कांनी परस्पर गोळी सोडली. बरं वाटत होतं, फराळाच्या ऑर्डरी होत्या. आठवड्यात गरगरणं, चिडचिड, झोप उडाली. एकदम बंद केल्याने असं होतं. कमी करायची तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, थोडी थोडी. बरं वाटू लागल्यावरही ती साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात. त्यांनी परत सुरू केली.

सध्या त्यांचे आठ डबे चालू आहेत. वाफा येतातच. पीएचक्यू-९ चे गुण सहावर आलेत. मुलीने मला विचारलं, "मला पण होणार का हे?" घरात आईला नैराश्य असेल तर धोका वाढतो, पण होईलच असं नाही. तिचं लग्न ठरलंय, म्हणून तिला एवढंच सांगितलं की बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही रडू थांबलं नाही, तर उतारा नको, डॉक्टरकडे ये. आणि आईकडे लक्ष ठेव. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा कधी डाग जरी दिसला, तरी ‘आली असेल’ म्हणून बसू नका, दाखवून घ्या.