दिवसा नोकरी, रात्री ड्युटी

प्रश्न : माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. दिवसा अंधेरीला एका ऑफिसात बसतो. रात्री जेवण झालं की हेडफोन लावून कॉम्प्युटरवर पोलीस होतो, तोही साधा हवालदार! 'गाडी बाजूला घ्या, लायसन्स दाखवा' असं हिंदीतून अनोळखी लोकांना दरडावतो आणि मग रिपोर्ट लिहीत बसतो. त्याच खेळात लोक बँका लुटतात, विमानं उडवतात, हे मी पाहिलंय. मग यानेच रात्रीची दुसरी नोकरी का धरावी? घरात तर विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. माझे वडील कुडाळकडे दशावतारात राजे व्हायचे, तेव्हा सोंगाचं मला वावडं नाही. पण याला स्वतःचं आयुष्य नकोसं झालंय की काय, अशी धास्ती वाटते.
— एक आई, भांडुप

उत्तर : ताई, रिपोर्टचं वाचून मला हसू आलं, कारण आम्ही एकाच माळेचे मणी. दिवसा मी परळला एका रक्तपेढीत काम करते आणि रात्री अशाच एका सर्व्हरवर, म्हणजे अनेकांनी इंटरनेटवरून एकत्र खेळायच्या शहरात, गॅरेज चालवते. खऱ्या आयुष्यात मला स्कूटरचा प्लगसुद्धा बदलता येत नाही, पण तिथे सगळे मला 'वस्ताद' म्हणतात.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तो ग्रँड थेफ्ट ऑटो 5 असावा. 2013 चा हा खेळ मुळात गुन्हेगारांचा. त्यावर फाइव्हएम नावाचं सॉफ्टवेअर चढवून खेळणाऱ्यांनी आपापली शहरं वसवली आणि त्यांत रोलप्ले, म्हणजे एखादं पात्र घेऊन त्याच्यासारखं वागणं-बोलणं, बोलीभाषेत 'आरपी', सुरू झाला. ते इतकं वाढलं की फाइव्हएम बनवणाऱ्या टीमला 2023 मध्ये रॉकस्टार या मूळ कंपनीनेच आपल्यात सामावून घेतलं. या शहरांतला दुकानदार, डॉक्टर, टॅक्सीवाला, प्रत्येकामागे कुठेतरी एक जिवंत माणूस माइकवर बोलत असतो.

आता तुमच्या हवालदाराकडे येते. बऱ्याच सर्व्हरवर नियम असतो की ठरावीक पोलीस ड्युटीवर असल्याखेरीज बँक लुटता येत नाही. म्हणजे दरोडेखोरांची अख्खी टोळी मुखवटे चढवून तयार असते आणि विचारत असते, 'साहेब येतायत का आज?' तुमचा मुलगा आला की शहर हलतं. अंधेरीच्या त्या ऑफिसात तो एक दिवस नाही गेला, तर बाजूच्या टेबलावरचा तरी वाट पाहील का, सांगता येत नाही. म्हणून माझ्या मते तो दुसरी नोकरी करत नाहीये. त्याला जिथे कोणीतरी वाट पाहतं, तिथे तो जातोय.

हे झालं त्याचं कारण. पण त्याने अडवलेल्या गाडीत तिघे असतील तर तिघांची कारणं तीन. एकाला नुसता पैसा साठवून महागडी गाडी घ्यायची असते, पात्रबित्र त्याला तोंडी लावण्यापुरतं. दुसरी मुलगी रोज तीच चार माणसं भेटतात म्हणून येते, दरोडा हा तिच्यासाठी गप्पांचा कट्टा. तिसरा हे सगळं यूट्यूबवर थेट दाखवत असतो, त्यामुळे तो जरा जास्तच ओरडतो. (माझ्या गॅरेजात असा आला की मी भाव वाढवते.)

रिचर्ड बार्टल नावाच्या ब्रिटिश माणसाने हे फार पूर्वी ओळखलं होतं. 1978 मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने नुसत्या अक्षरांवर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा एक खेळ सुरू केला, त्यात बार्टलही होता. पुढे 1996 मध्ये त्याने खेळाडूंना पत्त्यांच्या रंगांत वाटलं : मिळवणारे ते चौकट, धुंडाळणारे इस्पिक, माणसांत रमणारे बदाम आणि दुसऱ्याला त्रास देऊन खूश होणारे किलवर. सोंग घेणाऱ्यांना त्याने वेगळा रंग दिला नाही. त्याच्या लेखी सोंग हे माणसांशी बोलायचं निमित्त, म्हणजे बदामात जमा. निक यी या संशोधकाने 2006 मध्ये खेळाडूंच्या सर्वेक्षणांवरून मांडणी केली, तेव्हा मात्र रोलप्लेला गप्पांतून काढून तल्लीन होण्याच्या खात्यात टाकलं. त्याच खात्यात कंटाळा-कटकटी विसरणंही आहे, पण ते वेगळं कलम आहे. तुमची धास्ती त्या कलमाबद्दल आहे आणि तुम्ही ती सोंगावर घालताय.

तुमचे वडील रात्रभर राजा होऊन सकाळी भाताच्या चिखलात उतरले असतील, तेव्हा 'आयुष्य नकोसं झालंय का' असं त्यांना कुणी विचारलं नसेल. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, बोलणं मात्र तिथल्या तिथे सुचायला लागतं. नातू नेमकं हेच करतोय. बघायचंच असेल तर एवढं बघा : झोप होते का, ऑफिसला वेळेवर जातो का, खेळावर पैसे किती घालतो आणि शहरात भांडण झालं तर दुसऱ्या दिवशीही त्याचाच राग घरात काढतो का. शेवटची गोष्ट दिसली तर जरूर बोला. नाहीतर चहा देताना 'काल कोण सापडला?' असं विचारा. घुम्या माणसाला स्वतःबद्दल बोलणं जड जातं, पकडलेल्या चोराबद्दल तो तासभर बोलेल.

प्रश्न : मी गिरगावातल्या चाळीत राहतो. आमच्या सर्व्हरवर मी दुकान लुटायचा सीन मस्त रंगवत आणला होता, ओलीस ठेवलेल्या माणसाला पाणीसुद्धा दिलं. इतक्यात एकाने बंदूक काढून दोन सेकंदांत मला उडवलं आणि वर म्हणाला, 'जिंकलो'. सर्व्हर सांभाळणारा ॲडमिन म्हणतो, दोघांचंही बरोबर. असं कसं?
— दरोडेखोर, वय वीस

उत्तर : ॲडमिनला भांडण मिटवून झोपायचं असणार. तुला सीन घडवायचा होता, त्याला तो जिंकायचा होता. आरपीतली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात आणि म्हणूनच नियम बनले. रोखलेल्या बंदुकीला घाबरणं, म्हणजे फिअर आरपी. दुसऱ्याच्या स्ट्रीमवर, म्हणजे थेट प्रक्षेपणात, पाहिलेली गोष्ट आपल्या पात्राला ठाऊक असल्यासारखं न वागणं. समोरच्याला उत्तर द्यायला वावच न ठेवणं, म्हणजे पॉवरगेमिंग, तेही टाळायचं. तुझ्या बंदुकीचं तोंड त्याच्याकडे असताना त्याने हत्यार काढलं असेल, तर त्याने आरपी तोडला. तुझी बंदूक खाली असेल, तर मात्र ती संधी तूच दिलीस.

आणि चाळीत राहतोस म्हणून विचारते : तू कुजबुजत तर लुटत नाहीस ना? आमच्याकडे लालबागचा एक आहे, बाजूला वडील झोपलेले असतात म्हणून तो 'हात वर' इतक्या हळू म्हणतो की लोकांना वाटतं, पत्ता विचारतोय. त्याने आता मुका दरोडेखोर केलाय. सगळं टाइप करतो : 'तो बंदुकीने गल्ल्याकडे खूण करतो.' आमच्या शहरातला सगळ्यात भीतीदायक माणूस आहे तो.

प्रश्न : माझे मिस्टर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात वर्षानुवर्षं बाईचं पात्र घेऊन खेळतात. विचारलं तर नुसते हसतात.
— मुलुंड

उत्तर : हसू देत. वर सांगितलेल्या निक यीच्या सर्वेक्षणांत बाईचं पात्र घेणारे पुरुष हे पुरुषाचं पात्र घेणाऱ्या बायकांपेक्षा बरेच जास्त निघाले होते. त्यांतले कित्येक रोलप्ले करतच नाहीत. तासन्‌तास पात्राची पाठच बघायची तर निदान बघावीशी वाटणारी असू दे, इतकं साधं कारण ते देतात. तुमचे मिस्टर त्या पात्रासारखं बोलतातही का, तेवढं ऐका. बोलत असतील तर तो अभिनय आहे आणि त्याला प्रेक्षक लागतो. जाऊन बसा शेजारी.

प्रश्न : कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. उभा जन्म न्यायाधीशांच्या खालच्या खुर्चीत गेला. नातवाच्या या खेळात मला जज व्हायचंय. हसतील का?
— गोरेगाव, वय 67

उत्तर : काका, हसतील कसले, डोक्यावर घेतील! या शहरांत चोर पोत्याने मिळतात, न्यायाधीश मिळत नाही, कारण त्या कामात पाठलाग नाही आणि फायली मात्र आहेत. वकील झालेली पोरं तारखेची वाट बघत बसलेली असतात. प्रवेशासाठी अर्ज असतो, त्यात पात्राचा पूर्वेतिहास लिहायचा. तिथे स्वतःची सर्व्हिस उतरवून काढू नका, जजसाहेबांना एखादी खोड द्या, लोकांना खेळायला काहीतरी हाताशी लागतं. नातू अठराच्या आतला असेल तर त्याला मात्र उठवा, या खेळाला 18 वर्षांची अट आहे. आणि माइक बरा घ्या, साध्या माइकवर पंख्याची घरघर फार येते, निकाल ऐकू जात नाही.