साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं धान्य कुजलं कसं नाही?

प्रश्न : पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात धान्य सापडलं म्हणतात. इतकी वर्षं ते टिकलं कसं? पेरलं तर उगवेल का?

उत्तर : उगवणार नाही, कारण ते जळून कोळसा झालेलं आहे, आणि म्हणूनच ते टिकलं. चुलीच्या राखेखाली हवा कमी मिळाली की दाणा पेटत नाही, नुसता करपतो. कोळशात जिवाणूंना खायला काही उरत नाही. आच जास्त लागली तर मात्र दाणा फुगतो, फुटतो किंवा त्याची राख होते.

घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सातू, गहू, मसूर, कुळीथ मिळाले; भर सातूवर.

असे दाणे मातीतून काढायला कोरडी माती पाण्यात हलक्या हाताने ढवळतात. तरंगलेला काळा चुरा पाव मिलिमीटरच्या जाळीवर ओततात आणि सावलीत वाळवतात. उन्हात ठेवला तर दाणे तडकतात. चिकणमाती सुटत नसेल तर पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालतात. सातूचा दाणा दोन्ही टोकांना निमुळता, गव्हाचा गुबगुबीत. भिंगाखाली हा फरक चटकन दिसतो.

पालेभाजी चुलीत पडली तरी ओळखू येण्याजोगी क्वचितच उरते. त्यामुळे फक्त दाण्यांवरून तेव्हाचं पूर्ण ताट मांडता येत नाही.