एफ-१०० ची जुनी फ्रेम इतक्यात भंगारात देऊ नका

तुमच्या फोर्ड एफ-१०० पिकअप ट्रकला नवी फ्रेम, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, घालणार आणि जुनी न्यायला शनिवारी भंगारवाला येणार असं तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय. आधी त्याला फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा.

तुमची पोस्ट वाचताना मला सहा वर्षांपूर्वीचं माझंच गॅरेज दिसलं. १९५६ चा फोर्ड एफ-१००, कॅब धडधाकट, फ्रेम मात्र इथे अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्लेली. मागची स्प्रिंग जिथे अडकवतात त्या हँगरपाशी बोट आरपार जाईल अशी. उपायही तुमचाच: दोन बाय चार इंची चौकोनी नळीची नवी फ्रेम, पुढे मस्टँग-टू (फोर्डची एक लहान मोटार) पद्धतीचं सस्पेन्शन. नळीची जाडी, वेल्डर, गॅस हे तुमचं ठरलेलं दिसतंय, त्यात मी शिरत नाही. खटकली ती यादीतली दुसरीच ओळ: 'जुनी फ्रेम देऊन टाकणे, जागा करणे.' मी नेमकं हेच केलं होतं.

या गाडीचा कारखान्याचा ओळख-नंबर (नंबरप्लेटवरचा नव्हे) दोन ठिकाणी असतो. एक कॅबमधल्या पाटीवर आणि दुसरा फ्रेमच्या उजव्या रेलवर, म्हणजे लांब बाजूवर, ठोकलेला. तशा कोऱ्या पाट्या आजही विकत मिळतात, त्यामुळे तपासणाऱ्याचा विश्वास असतो तो लोखंडात ठोकलेल्या नंबरावर. माझी पाटी आणि आधीच्या मालकाचं टायटल (मालकीचा सरकारी कागद) यांत एका आकड्याचा फरक होता, ३ च्या जागी ८. कुणीतरी कधीकाळी चुकीचं टाइप केलं असणार. मी विकत घेताना नीट पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा फ्रेम वितळूनही गेली असेल.

मग कार्यालयाच्या फेऱ्या सुरू झाल्या. कोणतं, ते लिहीत नाही. पहिल्या खिडकीवर सांगितलं, फ्रेमवरच्या नंबराचा फोटो आणा. फ्रेमच नाही म्हटल्यावर दुसऱ्या वेळी म्हणाले, पोलिसांकडून तपासणी करून घ्या. ती करून गेलो तर तिसरी व्यक्ती म्हणाली, हा फॉर्मच चुकीचा, तुमची गाडी 'जुळवलेली', म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेली, या प्रकारात जाते. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? कुणीही काही लेखी देत नव्हतं. सात महिने गेले. त्या उन्हाळ्यात बाबा कोल्हापूरहून आले होते. गाडी चालू होती, रंग झाला होता, पण ड्राइव्हवेच्या बाहेर काढता येत नव्हती. त्यांना तिच्यातून एक चक्कर मारून आणायची राहून गेली आणि ते परत गेले. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी नवा नंबर मिळाला आणि कागदावर वर्ष लागलं ते जुळणीचं. फिरवलेल्या पुढच्या काचेची ती कॅब फक्त ५६ साली आली. त्या सालासाठीच मी ती गाडी घेतली होती, आणि ते साल आता माझ्या कागदावर नाही.

तेव्हा कापाकापीच्या आधी नंबर घासून स्वच्छ करा, उजेडात फोटो काढा, टायटलशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. नवी फ्रेम टाकल्यावर गाडी कोणत्या प्रकारात धरणार, हे तुमच्या राज्यात ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मी वकील नाही, शिवाय प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कुणीतरी सुचवेलच, की नंबराचा तुकडा कापून नव्या रेलवर वेल्ड करा. परवानगीशिवाय त्याला हात लावू नका. नंबर काढणं किंवा बदलणं इथे केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरू शकतो.

दुसरं नुकसान मापांचं झालं. १९५३ ला एफ-१०० आला तेव्हा फोर्डने पुढचा आस मागे घेतला. आधीच्या एफ-१ चा व्हीलबेस (दोन आसांमधलं अंतर) ११४ इंच, याचा ११०. हा आकडा मला पाठ होता, पण ११० मोजायचे कुठून? माझ्या गाडीचा मागचा सामानाचा हौदा आधीच्या कुणीतरी बदललेला. त्याच्या चाकावरच्या कमानीवरून मी मागचा आस धरला आणि तिथून पुढे मोजलं. फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) चढवल्यावर पुढचं चाक कमानीत पाऊण इंच पुढे. रेडिएटर सपोर्टचे पॉइंटही खाली आले, बॉनेटची फट दोन्हीकडे वेगळी. पूर्ण वेल्ड केलेला क्रॉसमेंबर, म्हणजे दोन रेलमधला आडवा भाग, मला कापून काढावा लागला. जुनी फ्रेम असती तर मापं पाच मिनिटांत कळली असती.

म्हणून गाडी उघडण्याआधी, फेंडर जागेवर असतानाच, ती सपाट फरशीवर लेव्हलमध्ये घ्या. कॅबचे माउंट, रेडिएटर सपोर्ट, दोन्ही आस, सगळ्यांचे ओळंबे सोडून फरशीवर खुणा करा. उंचीही लिहून ठेवा. खुणांवर वार्निश मारा, नाहीतर पंधरा दिवसांत पुसतात.

वेल्डिंगबद्दल माझं मत जरा कडक आहे. आधी सगळीकडे फक्त टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मग दोन्ही कर्ण मापा. फ्रेम गुण्यात (काटकोनात) नसेल तर पुढे जाऊ नका. मी १/१६ इंचाच्या वर फरक चालवून घेत नाही. नंतर दीड-दोन इंचांचे वेल्ड, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि पूर्ण गार होईपर्यंत जिगवरून (फ्रेम पकडून ठेवणाऱ्या साच्यावरून) सोडायचं नाही. सस्पेन्शनचे ब्रॅकेट मी स्वतः वेल्ड केले नाहीत, प्रमाणित वेल्डरकडून करून घेतले. तुमचा हात कितीही बसलेला असला तरी तेवढे पैसे घाला. घरची माणसं त्यात बसणार आहेत.

फोर्डच्याच क्राउन व्हिक्टोरिया या मोठ्या मोटारीचं पुढचं सस्पेन्शन घ्या, असं तुमच्या पोस्टखाली दोघांनी लिहिलंय. २००३ पासूनचा तिचा ॲल्युमिनियमचा क्रॉसमेंबर बोल्टने बसतो हे खरं, पण तो रुंद आहे, आणि मग चाकं त्याच्या हिशेबाने निवडावी लागतात. माझा कौल मस्टँग-टूलाच, पण मी या गाडीतून ओझी वाहत नाही. तुम्ही वाहणार असाल तर वेगळा विचार करा.

आणखी एक, नळीतून बोल्ट आरपार घालाल तिथे आत स्लीव्ह (बोल्टाभोवती बसणारी छोटी नळी) वेल्ड करा. नुसती नळी आवळली की दबते आणि बोल्ट ढिला होतो. रेलच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायला भोकंही ठेवा.

भंगारवाल्याचं काय झालं ते कळवा. जागेचीच अडचण असेल तर फ्रेम ताडपत्रीखाली घरामागे उभी करून ठेवा, पण कागद हातात येईपर्यंत ठेवा.