जुळे सोलापुरात वाडा पद्धतीचं घर: आधी ओसरी आणि चौक, मग खांब आणि महिरपी

दादा, तुमचा प्रश्न सगळा नीट वाचला. ४० बाय ६० चा पश्चिममुखी प्लॉट, तळमजला अधिक एक, घरच्यांना वाड्यासारखं घर पाहिजे, आर्किटेक्टनं जे थ्रीडी दिलंय त्यात पुढे चार सुरूचे खांब (सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेले), दोन खांबांच्या मधे महिरप म्हणजे नक्षीची कमान, वरच्या मजल्याला दोन झरोके, आणि उत्तर कसब्यातलं आजोबांचं घर उतरवलंय त्याचं सागवान पडून आहे ते वापरता येईल का. मी जुनी घरं दुरुस्त करायचं आणि नवीन बांधायचं अशी दोन्ही कामं करतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो, हे थ्रीडी मंजूर करू नका. आर्किटेक्ट वाईट आहे असं नाही, पण त्यात वाड्याचा फक्त चेहरा घेतलाय, आतलं घर नेहमीचा टू बीएचके प्लॅनच आहे, मधे हॉल, बाजूला बेडरूम, डोक्यावर स्लॅब. असं घर मे महिन्यात तापायचं तेवढं तापणारच, पुढं कितीही खांब लावा.

आणि तो चेहरासुद्धा नीट जमलेला नाही, कारण अंतरं चुकलीत. तुमच्या चित्रात दोन खांबांत १२ फुटांच्या आसपास अंतर दिसतंय. जुन्या वाड्यात घर मोजायचंच खणांवर, खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आणि ते चार-पाच फार तर सहा फूट, कारण वरची तुळई म्हणजे आडवा बीम लाकडाचा, तिच्यावर कडीपाट म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत, त्यावर माती, एवढा भार लाकडानं पेलायचा तर खांब जवळजवळच लागणार. म्हणून वाड्याच्या ओसरीत उभं राहिलं की खांबांची एक लय दिसते. आरसीसीत १२-१४ फुटांचा बीम सहज टाकता येतो म्हणून आपण खांब लांब लांब टाकतो आणि मग त्यात सुरूचा आकार कोरला तरी ते मंगल कार्यालय वाटायला लागतं. खांब पाहिजेच असतील तर ओसरीला पाच-पाच फुटांवर घ्या, बारीक घ्या, आणि उंची आठ फुटांच्या आतच ठेवा. एवढं एक केलं तरी कोरीव काम अजिबात न करता ओसरी ओसरीसारखी दिसेल.

आता दुसरी गोष्ट. वाडा म्हटलं की सगळे पुण्याकडं बघतात, शनिवारवाडा वगैरे. तो १७३२ चा, १८२८ च्या आगीत लाकडाचे मजले जळून गेले आणि दगडी जोतं (घराचा खालचा चौथरा) अन तट तेवढा राहिला, त्यावरनं कळतंय की पेशवाई वाडा म्हणजे खाली दगड आणि वर सगळा लाकडाचा सांगाडा. पण आपल्या भागातलं सामान्य माणसाचं घर तसं नव्हतंच ओ, आपल्याकडं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. पाऊस कमी, ऊन जास्त, उतरत्या छपराची गरजच नाही. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट नाहीतर किलच्या म्हणजे लाकडाच्या बारीक चिपा दाटीनं लावायच्या, त्यावर पाला-पाचट आणि त्यावर फूटभर तरी पांढरी माती, चोपून चोपून बसवलेली. ही माती खारवट असती, पाणी पडलं की फुगून वरचा थर बंद होतोय आणि पाणी खाली न मुरता उतारानं पन्हाळीला जातंय. दरसाल पावसाळ्याच्या आधी माळवदावर नवीन माती टाकायची, गवत काढायचं. खोलीला उजेड आणि चुलीच्या धुराला वाट म्हणून माळवदाला साणं म्हणजे एक भोक ठेवायचं, पावसात त्यावर झाकण. रात्री सगळं घर माळवदावरच झोपायला, ते काय हौस म्हणून नाही, जाड भिंत दिवसभर पिलेली उष्णता रात्री आत सोडती म्हणून. हे सगळं एकमेकाला धरून होतं, भिंत, छप्पर आणि माणसाची दिवसभराची वहिवाट.

यातलं काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही हे मात्र नीट समजून घ्या. कुणीतरी तुम्हाला सांगेल की दोन फुटी दगडाची भिंत मातीत बांधा, गारेगार राहतंय. अजिबात बांधायची नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आपल्या सोलापूरपर्यंत घरं हलली, आणि तिकडं हजारो माणसं गेली ती बहुतेक अशाच भिंतींखाली. त्या भिंती बाहेरचा एक पदर आणि आतला एक पदर अशा बांधलेल्या, मधे बारीक दगड आणि माती भरलेली, दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड टाकलेलेच नाहीत. हादरा बसला की दोन पदर सुटले आणि वरनं माळवदाचं वजन. तेव्हा सांगाडा आरसीसीचा नाहीतर जोतं, खिडकीखाली, लिंटेल (दार-खिडकीच्या वर) आणि छप्पर या चारी ठिकाणी काँक्रीटचे पट्टे घेतलेली वीटबांधणी, यात काटकसर करू नका. काळा दगड जोत्याला वापरा, आपल्याकडं बसाल्ट आहेच, घडीव दगडाचं अडीच-तीन फुटांचं जोतं दिलं की घराला जो भारदस्तपणा येतो तो कुठल्याच क्लॅडिंगनं येत नाही.

गारव्यासाठी भिंत जाड पाहिजे असं नाही, भिंतीत हवा अडकली तरी चालतंय. लॉरी बेकर या आर्किटेक्टनी केरळात रॅट ट्रॅप बाँडची बांधणी सर्वांना माहीत करून दिली, वीट आडवी न ठेवता उभी लावायची, नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहती, विटा साधारण पाव भाग कमी लागतात आणि उष्णता आत यायला वेळ लागतोय. गवंडी पहिले दोन दिवस कुरकुर करतात, एक भिंत समोर उभं राहून करून घ्या, मग हात बसतोय. विटा मात्र चांगल्या कडा असलेल्या लागतील. निदान पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत तरी अशी करा.

चौकाबद्दल, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या अंगणाबद्दल, जरा जास्त लिहितो कारण खरा वाडा तिथंच आहे आणि लोक नेमका तोच काढून टाकतात, जागा वाया जाती म्हणून. सोलापूर साधारण साडेसतरा-पावणेअठरा अक्षांशावर आहे, म्हणजे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. आता समजा तुम्ही २० बाय २० चा ऐसपैस चौक ठेवला आणि भोवती एकच मजला, १० फूट भिंती, तर मे महिन्यात त्या फरशीवर सकाळी आठ-नऊपासून दुपारी साडेचारपर्यंत ऊन असणार, तो तवाच झाला. तोच चौक १० बाय १२ चा आणि भोवती दोन मजले म्हणजे २० फूट उंची घेतली तर ऊन दुपारचे मधले तीन-चार तासच खालपर्यंत पोचतंय, बाकी वेळ सावली. म्हणून आपल्या हवेला चौक लहान आणि उंच पाहिजे. रात्री थंड हवा जड होऊन त्यात उतरती, खोल्यांच्या खिडक्या चौकाकडं उघड्या ठेवल्या की आत खेळती, सकाळी आठ-नऊला बाहेरच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्यायच्या. ही सवय पाळली तरच चौकाचा उपयोग, दिवसभर दारं सताड उघडी ठेवून लू आत घेतली तर काही फायदा नाही.

चौक ओसरीपेक्षा पाच-सहा इंच खाली घ्या, उतार एका कोपऱ्याला आणि तिथं मोठी जाळी. वरती लोखंडी ग्रिल टाका, माकडं-कबुतरांचा त्रास असेल तर त्यावर जाळी. पण पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकू नका, मी हात जोडून सांगतो. घरात पाऊस नको म्हणून लोक टाकतात आणि गरम हवा वर जायची वाटच बंद होती, मग खालच्या खोल्यांत कोंडल्यासारखं होतंय. टाकायचंच असेल तर भिंतीच्या वर दोन फूट उचलून, चारी बाजूंनी मोकळं ठेवून टाका.

पश्चिममुखी प्लॉट म्हणजे तुमचा खरा शत्रू दुपारी तीननंतरचं ऊन. छज्जा दक्षिणेला चांगला चालतो, थंडीतसुद्धा दुपारचा सूर्य ४९ अंशांवर असतो, तर दोन फुटी छज्जा सव्वादोन फूट सावली देतोय आणि उन्हाळ्यात पूर्ण खिडकी झाकतोय. पश्चिमेला मात्र सूर्य सरळ समोरून येतो, तिथं छज्जा कितीही काढा, उपयोग नाही. तिथं खोल ओसरी लागती, सात-आठ फूट, आणि तिचं छप्पर पुढे खाली झुकलेलं. म्हणून म्हणतो तुमच्या घराची ओसरी पुढंच येऊ दे, जुन्या वाड्याच्या देवडीसारखं (दाराजवळची पहारेकऱ्याची जागा) दार एका बाजूला, दार उघडलं की सरळ घरात नजर जाणार नाही अशी एक वळणाची जागा, मग चौक. जिना, बाथरूम, कोठीची खोली हे पण पश्चिमेच्या अंगाला ढकला, झोपायच्या खोल्या चौकाच्या पलीकडं पूर्वेला. आपल्या पूर्व भागात साखर पेठ, कन्ना चौकाकडं विणकरांच्या जुन्या घरांत माग आणि संसार एकाच छपराखाली, तिथं उजेड कुठून घ्यायचा आणि ऊन कुठं अडवायचं याचा विचार केलेला दिसतो, वेळ असेल तर एखाद्या ओळखीच्या घरात जाऊन बघून या.

छपराला फिलर स्लॅब करा. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट कामाचं नसतं, तिथं मंगलोरी कौलं जोडीनं पालथी घालायची, काँक्रीट वाचतंय, मधे हवा राहती, आणि खालून कौलांचा रंग दिसतोय म्हणून पीओपी लागत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून डिझाईन घेऊनच, गवंड्याच्या अंदाजानं नाही. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि त्यावर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे.

महिरपीचं विचाराल तर, पेशवाई वाड्यातली लाकडी महिरप मुळात भार घेत नव्हती, दोन खांबांमधे बसवलेली कोरीव फळीच ती. त्यामुळं आत दिवाणखान्यात एखादी खरी लाकडी महिरप लावली तर त्यात खोटं काही नाही. पण तीच पीओपीत करून आरसीसी बीमखाली चिकटवली तर दोन पावसाळ्यांत कडा उडायला लागतात. दगडी कमान हा वेगळा प्रकार, ती भार घेती. आपण आदिलशाही मुलखात राहतो, टोकदार कमानी आपल्या मातीतल्या आहेत, नळदुर्गला पाणीमहाल बघा, १६१३ च्या सुमाराचा, नाहीतर विजापूर तर दोन-अडीच तासांवर. कंपाउंडच्या दाराला काळ्या दगडाची एक खरी कमान बांधून घ्या, तेवढीच. झरोके काढून टाका, ते राजस्थानातल्या दगडाचं आणि तिथल्या गल्ल्यांचं काम आहे, आपल्याकडं आतून खिडकीला बैठक आणि कोनाडा असतो तो करा. सजावट पाहिजेच असं घरच्यांचं म्हणणं असेल तर महापालिकेचं इंद्रभुवन एकदा पुढे उभं राहून बघून या, अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं, तिथं इतकी नक्षी आहे तरी ती कुठं आहे ते बघा, कमानीच्या माथ्यावर, खांबाच्या डोक्याला, कठड्याला, म्हणजे जिथं काहीतरी जोडलं जातंय नाहीतर संपतंय तिथं. मोकळी भिंत मोकळीच ठेवलीय.

फरशीचं सोपं आहे, चौक आणि ओसरीला शहाबादी, आत कुठंतरी एका खोलीत नक्षीची सिमेंटची फरशी. बाहेर व्हिट्रिफाइड नको, पावसात पाय सटकतो.

आता सागवान. हे तुमच्याकडं खरं सोनं आहे. प्रत्येक खांबाचं खालचं टोक बघा, वाळवी लागली तर तिथनंच. टोच्यानं टोचून बघायचं, टोच्या सहज आत गेला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तेवढा भाग कापून टाकायचा. जुने खांब दगडाच्या उथळ्यावर म्हणजे बैठकीवर उभे असायचे ते याच्यासाठीच, ओल थेट लाकडाला लागू नये म्हणून, तुम्हीपण तसंच करा, कापल्यामुळं उंची कमी पडली तर उथळा उंच घ्या. खांबाच्या डोक्यावरचा हस्त (तुळईला आधार देणारा लाकडी तुकडा) आणि तुळई लाकडी खुंट्यांनी जोडलेले असतात, त्या खुंट्या फेकू नका, आणि कुठला हस्त कुठल्या खांबाचा हे आत्ताच चुन्यानं नंबर टाकून ठेवा, नंतर जुळवताना सुताराचं डोकं फिरतंय. या लाकडावर स्लॅबचा भार द्यायचा नाही, फक्त ओसरीचं कौलारू छप्पर पेलू दे. मोडके कडीपाट निघतील त्यातनं फडताळाची दारं आणि जिन्याच्या पायऱ्या होतात. आणि हो, सध्या ते लाकूड प्लॉटवर उघड्यावर जमिनीला टेकून असेल तर ह्या आठवड्यातच विटांवर उचलून रचा, मधे पट्ट्या टाकून हवा जाऊ दे, वरनं पत्रा झाका पण ताडपत्रीत गुंडाळू नका. लांबी-जाडीची यादी आणि प्लॉटच्या उत्तर-दक्षिणेला शेजाऱ्यांची घरं किती उंच आहेत ते इथं टाका, म्हणजे चौक नेमका कुठं बसवायचा ते सांगता येईल.