वाचकांचे प्रश्न : अंत्ययात्रेच्या वाटेवरचे फलक

प्रश्न : माझे थोरले बंधू लष्करात होते. त्यांचे पार्थिव गावी आले त्या दिवशी गावात एकाही घरात चूल पेटली नव्हती. अलीकडे असे वाचनात आले की, अमेरिकेत एक धार्मिक गट सैनिकांच्या अंत्यविधीबाहेर ‘सैनिक मेले, देवाचे आभार’ असे फलक घेऊन उभा राहत असे आणि त्याच्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या एका सैनिकाच्या वडिलांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रिकाम्या हाताने परत पाठवले. सैनिकाला एवढा मान देणाऱ्या देशात हे कसे घडते? आणि उद्या आपल्याकडे कोणी असे केले, तर कायदा त्या घराच्या पाठीशी उभा राहील का?
— एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. तो खटला ‘स्नायडर विरुद्ध फेल्प्स’ (स्नायडर म्हणजे ते वडील, फेल्प्स म्हणजे त्या गटाचे संस्थापक) या नावाने ओळखला जातो आणि त्याचा निकाल २ मार्च २०११ रोजी लागला. नऊपैकी आठ न्यायमूर्ती एका बाजूला होते आणि न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो एकटे दुसऱ्या बाजूला. मी हा निकाल विद्यार्थ्यांना अनेकदा शिकवला आहे. तो कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे असे माझे मत आहे आणि तरीही तो शिकवताना दर वेळी मन खट्टू होते. ही दोन्ही विधाने मी मनापासून करतो आहे. तसे का, ते सांगण्यासाठी आधी घडले काय ते सांगितले पाहिजे.

कॅन्सस राज्यातील टोपेका येथे वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च नावाचा एक लहानसा गट आहे. फ्रेड फेल्प्स यांनी तो १९५५ मध्ये स्थापन केला आणि त्यातले बहुतेक सभासद त्यांच्याच कुटुंबातले होते. अमेरिका समलिंगी संबंध खपवून घेते, म्हणून देव तिच्या सैनिकांना मारून तिला शिक्षा करतो, अशी त्यांची शिकवण. १९९८ मध्ये वायोमिंगमध्ये मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याचा खून झाला तेव्हा त्याच्या अंत्यविधीबाहेरही हे लोक फलक घेऊन उभे होते. ‘स्नायडर’चा निकाल लागेपर्यंत त्यांनी जवळपास ६०० अंत्यविधींच्या ठिकाणी निदर्शने केली होती. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते हेच. कारण प्रसिद्धी मिळते ती अंत्यविधीच्या ठिकाणी, आणि हे त्यांना नेमके ठाऊक होते.

मार्च २००६ मध्ये इराकमध्ये एक तरुण मरीन सैनिक कर्तव्यावर असताना मृत्यू पावला. मेरीलँड राज्यातील वेस्टमिन्स्टर या गावच्या कॅथलिक चर्चमध्ये त्याचा अंत्यविधी ठरला. फेल्प्स, त्यांच्या दोन मुली आणि चार नातवंडे असे सात जण तिथे पोहोचले. त्यांनी पोलिसांना आधी कळवले होते आणि पोलिसांनी नेमून दिलेल्या जागीच ते उभे राहिले. ती जागा म्हणजे रस्त्यालगतचा सरकारी जमिनीचा दहा फूट बाय पंचवीस फुटांचा तुकडा होता आणि त्यासमोर तात्पुरते कुंपण घातलेले होते. चर्चपासून तो सुमारे हजार फूट दूर होता आणि मध्ये इमारती होत्या. अंत्यविधीच्या आधी साधारण अर्धा तास त्यांनी फलक धरले, भजने म्हटली, बायबलमधली वचने वाचली. आरडाओरडा, शिवीगाळ किंवा मारामारी झाली नाही. अंत्ययात्रा त्यांच्यापासून दोनशे ते तीनशे फुटांवरून गेली तेव्हा गाडीत बसलेल्या वडिलांना फलकांच्या फक्त वरच्या कडा दिसल्या. त्यांवर काय लिहिले होते ते त्यांना त्या रात्री दूरचित्रवाणीवरच्या बातम्यांत कळले.

मला या खटल्यात सर्वांत जास्त टोचते ती हीच गोष्ट. मुलाला पुरून माणूस घरी आला आहे, बातम्या लावतो आणि ‘तुम्ही नरकात जाल’ हे शब्द आपल्याच घराला उद्देशून आहेत हे त्याला पडद्यावर वाचावे लागते. पुढे त्याने न्यायालयात सांगितले की, मुलाची आठवण आली की ते फलकही डोळ्यांसमोर येतात, दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

वडिलांनी दिवाणी दावा लावला. बदनामीचा आणि खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणल्याचा, हे दोन मुद्दे जिल्हा न्यायालयाने ज्यूरीपुढे जाऊच दिले नाहीत. हेतुपुरस्सर मानसिक यातना देणे, एकांतावर आक्रमण आणि संगनमत हे मुद्दे उरले. ज्यूरीने एकूण एक कोटी नऊ लाख डॉलरची नुकसानभरपाई ठरवली, न्यायाधीशांनी ती पन्नास लाखांवर आणली आणि २००९ मध्ये अपिली न्यायालयाने ती पूर्णच रद्द केली. एवढेच नव्हे, तर फेल्प्स पक्षाचा अपिलाचा सुमारे साडेसोळा हजार डॉलरचा खर्चही वडिलांनीच द्यावा असा आदेश झाला. जखमेवर मीठ चोळणे याहून वेगळे काय असते, असे कोणालाही वाटेल.

सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यांनी आधी हे तपासले की, फलकांचा विषय सार्वजनिक होता की एका कुटुंबाचे खासगी भांडण होते. युद्ध, सैन्यातील समलिंगी व्यक्ती, कॅथलिक चर्चमधले घोटाळे, देशाची नीतिमत्ता हे विषय कितीही घाणेरड्या शब्दांत मांडले, तरी ते सार्वजनिकच आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. काही फलक त्या कुटुंबालाच उद्देशून असले तरी एकूण निदर्शनांचा रोख तसा नव्हता, असे ते म्हणाले. जागा सार्वजनिक होती, पोलिसांचे सर्व नियम पाळलेले होते. मग त्यांनी जो मुद्दा मांडला तो मला निर्णायक वाटतो. त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर ‘देवाचे तुमच्यावर प्रेम आहे’ असे फलक घेऊन चर्चचे भाविक उभे राहिले असते, तर त्यांच्यावर कोणीही दावा लावला नसता. म्हणजे भरपाई मागितली होती ती गोंगाटाबद्दल किंवा वाट अडवल्याबद्दल नव्हे, तर मताबद्दल होती. आणि कोणते मत ‘संतापजनक’ आहे हे ज्यूरीच्या आवडीनिवडीवर सोडले, तर प्रत्येक नावडते मत खिशाला परवडेनासे होईल.

आपण म्हणाल, हे सगळे तत्त्वज्ञान ज्याच्या घरात मरण झाले त्याला काय कामाचे? म्हणून आपल्याकडचे उदाहरण देतो. आपल्या वर्तमानपत्रांत ‘गुन्हा दाखल होईपर्यंत मृतदेह ताब्यात घेण्यास नातेवाइकांचा नकार’ ही बातमी वरचेवर येते. ठेकेदाराच्या हलगर्जीपणाने मजूर गटारात गुदमरून मेला, पोलीस कोठडीत कोणाचा जीव गेला, की त्याचे आप्त शवागाराबाहेर बसतात आणि घोषणा देतात. कधी प्रेत रस्त्यावर ठेवून वाहतूक अडवतात. मेलेल्या माणसाच्या भोवती उभे राहून सत्तेला जाब विचारणे हे गरिबांच्या हातातले फार जुने हत्यार आहे. शिकागोमध्ये १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या आईने शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला, तोही निषेधच होता. ‘अंत्यविधीच्या वेळी कोणाच्या भावना दुखावतील असे बोलल्यास दंड’ असा ढोबळ नियम एकदा झाला, की तो फेल्प्सच्या आधी या लोकांवर चालवला जाईल. ठेकेदारालाही भावना असतातच आणि त्याच्याकडे वकीलही असतो.

तरी न्यायमूर्ती अलिटो यांचे भिन्नमत मी बाजूला सारत नाही. या लोकांना आपले मत मांडायला देशभर जागा आहेत, असे त्यांनी लिहिले, आणि ते खरेच आहे. त्याच दिवशी हा गट मेरीलँडच्या विधानभवनाबाहेर आणि नौदल अकादमीबाहेरही उभा राहिला होता. एका खासगी कुटुंबाला त्याच्या सर्वांत हळव्या क्षणी गाठून घायाळ करणे हा चर्चेचा भाग होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय, अंत्यविधीनंतर या गटाने आपल्या संकेतस्थळावर एक लांबलचक मजकूर टाकला होता. त्यात मृत मुलाचे नाव घेऊन, त्याच्या आईवडिलांनी त्याला कसे चुकीचे वाढवले याचा पाढा वाचलेला होता. वडिलांच्या याचिकेत या मजकुराचा मुद्दा उचललेलाच नव्हता, म्हणून बहुमताने तो विचारात घेतला नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत वार करणारा पुरावा तोच होता. फलकांबद्दल मी बहुमताच्या बाजूने आहे; पण तो मजकूर देशाबद्दल नव्हता, एका घराबद्दल होता, आणि त्याची तपासणी व्हायला हवी होती.

आता अंतराचा मुद्दा, कारण मला वाटते कायद्याने खरे काम तिथे केले आहे. काय बोलावे हे सरकार सांगू शकत नाही, पण कुठे आणि केव्हा उभे राहावे याबद्दल सर्वांना सारखा लागू होणारा नियम करू शकते. १९८८ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘फ्रिस्बी विरुद्ध शुल्ट्झ’ या खटल्यात, एकाच घराला लक्ष्य करून त्याच्या दारासमोर चालवलेल्या निदर्शनांवरची बंदी मान्य केली होती. २००६ च्या मे महिन्यात केंद्रीय कायदा झाला, त्यानुसार राष्ट्रीय दफनभूमींजवळ अंत्यविधीच्या आधी आणि नंतर एक तास निदर्शनांना मनाई झाली. २०१२ मध्ये तो वेळ दोन तास केला गेला आणि इतरत्र होणाऱ्या लष्करी अंत्यविधींनाही तीनशे फुटांची मर्यादा लागू झाली. ‘स्नायडर’च्या निकालाच्या वेळी चाळीसहून अधिक राज्यांत असे कायदे होते. वेस्टमिन्स्टरमधल्या अंत्यविधीच्या दिवशी मेरीलँडमध्ये मात्र तो नव्हता, नंतर झाला. अर्थात, हजार फुटांवर उभ्या असलेल्या सात जणांना तीनशे फुटांच्या नियमाने अडवता आले नसते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

लोकांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. १९९९ मध्ये शेपर्ड खून खटल्याच्या वेळी लॅरामी गावात त्याचे मित्र चादरी आणि नळ्यांपासून बनवलेले मोठाले पांढरे पंख लावून आले आणि फलकांसमोर रांगेने उभे राहिले, काही न बोलता. फलक पंखांमागे झाकले गेले. २००५ पासून ‘पेट्रियट गार्ड रायडर्स’ हे मोटारसायकलस्वार, कुटुंबाने बोलावले तरच, हातात राष्ट्रध्वज घेऊन अंत्ययात्रेच्या वाटेवर कडे करतात. त्यांतले बरेच जण स्वतः माजी सैनिक आहेत.

आपल्याकडे काय होईल, हा आपला दुसरा प्रश्न. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०१ (जुन्या दंड संहितेचे कलम २९७) इथे थेट लागू पडते. भावना दुखावण्याच्या हेतूने, किंवा त्या दुखावतील हे ठाऊक असताना, अंत्यसंस्कारासाठी जमलेल्या लोकांना व्यत्यय आणणे, स्मशानभूमीत किंवा दफनभूमीत अनधिकाराने शिरणे, प्रेताची विटंबना करणे हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आपल्या घटनेचे कलम १९(२) सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी अशा कारणांसाठी वाजवी निर्बंधांना वाव देते. अमेरिकेच्या घटनेतील, भाषणस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या पहिल्या दुरुस्तीत असे अपवाद लिहिलेलेच नाहीत. त्यामुळे आपल्या गावात कोणी असा फलक घेऊन स्मशानाच्या वाटेवर उभा राहिला, तर पोलीस त्याला तिथून हटवू शकतील आणि माझ्या मते त्यांनी हटवावेच. पण तोच माणूस दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या मैदानात उभा राहून युद्धाविरुद्ध किंवा सैन्याच्या धोरणाविरुद्ध बोलला, तर केवळ आपल्याला वाईट वाटते म्हणून त्याला गजाआड टाकावे, असे मी म्हणणार नाही.

प्रश्न : फलक एक वेळ दूर ठेवता येतील, पण मृताच्या घरच्यांविषयी कोणी इंटरनेटवर धडधडीत खोटे पसरवले तर? तिथे तीनशे फूट कुठून मोजायचे?
— कायद्याचा एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तिथे अंतर मोजायचे नसते, खरे-खोटे तपासायचे असते. ‘देव तुमच्यावर रागावला आहे’ हे मत आहे, ते खोटे ठरवता येत नाही. ‘तुमचे मूल मेलेच नाही, तुम्ही नाटक करता’ हे विधान आहे आणि ते खोटे ठरवता येते. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधील सँडी हूक शाळेत झालेल्या गोळीबारात वीस मुले आणि सहा प्रौढ मारले गेले. अॅलेक्स जोन्स हे प्रसारक आपल्या कार्यक्रमांतून, हे सगळे बनाव आहे आणि पालक हे नट आहेत, असे सांगत राहिले. त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी त्या पालकांना अनेक वर्षे धमक्या दिल्या. जोन्स यांनी न्यायालयाने मागितलेली माहिती वेळेवर दिली नाही, म्हणून त्यांचे दायित्व न्यायाधीशांनी आधीच निश्चित केले. भरपाई किती, एवढाच प्रश्न कनेक्टिकटच्या ज्यूरीपुढे होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिने सुमारे ९६ कोटी ५० लाख डॉलर ठरवले. ज्या देशाने फेल्प्सला मोकळे सोडले त्याच देशात हे घडले, आणि माझ्या मते या दोन्ही निकालांत विसंगती नाही.

आपल्याकडच्या तरतुदीचा एक बारकावा विद्यार्थ्यांच्याही नजरेतून सुटतो. अमेरिकेत साधारणपणे मृत व्यक्तीच्या बदनामीचा दावा होत नाही. आपल्या न्याय संहितेच्या कलम ३५६ चे पहिले स्पष्टीकरण (दंड संहितेतील कलम ४९९ मध्ये तेच होते) असे सांगते की, जे बोलल्याने ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला धक्का बसला असता आणि जे तिच्या कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या उद्देशाने बोललेले आहे, ती बदनामी ठरू शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. दोन्ही अटी एकत्र सिद्ध कराव्या लागतात आणि लोकहितासाठी केलेल्या खऱ्या विधानाला अपवाद आहे, म्हणून मृत पुढाऱ्याच्या कारभारावरची टीका यात सापडत नाही. यासाठी पोलीस ठाण्यात जाऊन भागत नाही, बाधित व्यक्तीला स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करावी लागते. आणि मजकूर काढून टाकला जाण्याआधी त्याची तारखेसह प्रत, पत्ता आणि टाकणाऱ्याच्या खात्याचे नाव जपून ठेवलेले असले पाहिजे. दुखवट्याच्या दिवसांत घरच्यांना हे सुचत नाही, तेव्हा हे काम शेजाऱ्याने किंवा मित्राने त्याच दिवशी करून ठेवावे.