‘प्रतिफळ’ या शब्दामागचे वतन

खानापूरच्या आपल्या तरुण सभासदाने विचारले आहे की, तारण जर कृपेने फुकट मिळते, तर येशू वारंवार प्रतिफळाची भाषा का करतो; आणि सर्व अधिकार ज्याच्या हाती आहे तो देव शेवटी हिशेब चुकता करणारा धनीच ठरत नाही काय? मराठी उपासनेतल्या बायबल-अभ्यासाच्या वर्गात हा प्रश्न मला अनेकदा भेटला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शिष्यांच्या मनातही हेच होते. “आम्ही सर्व सोडून आलो, तर आम्हांला काय मिळणार?” असे पेत्र मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात सरळ विचारतो. येशू त्याच्यावर रागावत नाही. सोडले त्याच्या कितीतरी पट मिळेल आणि सार्वकालिक जीवनाचे वतन मिळेल, असे वचन देतो आणि लगेच २०व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दाखला सांगतो. मळ्याचा धनी पहाटेपासून मजूर लावत राहतो, अगदी अकराव्या ताशी, म्हणजे दिवस मावळायला तासभर उरला असतानाही, आणि संध्याकाळी सर्वांच्या हातावर एकच दिनार ठेवतो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. बेळगावात सकाळी नाक्यावर उभे राहणारे गवंडी आणि बिगारी ज्याने पाहिले आहेत, त्याला हा दाखला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. उन्हे उतरेपर्यंत जो उभाच राहिला तो आळशी नसतो. “आम्हांला कोणी कामावर लावले नाही,” हेच त्याचे उत्तर असते, आणि घरची चूल मात्र पूर्ण दिवसाच्या हजेरीवरच पेटते. “जे माझे आहे त्याचे मी माझ्या मर्जीप्रमाणे करू नये काय?” असे धनी विचारतो. हा अधिकाराचा पुरेपूर दावा आहे. पण ठरलेल्या मजुरीतून कोणाचा एक पैसाही न कापता शेवटच्या माणसाचे पोट भरण्यासाठी तो केलेला आहे. देवाचा अधिकार आणि देवाचे देणे या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढताच येत नाहीत.

“स्वर्गात व पृथ्वीवर सर्व अधिकार मला देण्यात आला आहे,” हे मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातील वाक्य वाचताना ते वधस्तंभावर खिळला गेलेला सांगतो आहे, हे विसरू नये. परराष्ट्रीयांचे अधिपती प्रजेवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे, असे त्याने आधीच बजावले होते.

आता प्रतिफळाविषयी. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल ‘वेतन’ हा शब्द पापासाठी वापरतो आणि सार्वकालिक जीवनाला ‘कृपादान’ म्हणतो. कलस्सैकरांस पत्रात तोच पौल ‘वतनरूप प्रतिफळ’ असे लिहितो, आणि आपल्या मराठी भाषांतरकारांनी निवडलेला ‘वतन’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. वतन कमवावे लागत नाही, ते मुलाला बापाकडून मिळते. त्यातही विशेष हे की, ही ओळ दासांना उद्देशून आहे. रोमी कायद्यात दास हा स्वतःच धन्याची मालमत्ता होता, त्याला वारसा कसला मिळणार? अशा माणसाला पौल वारीस म्हणतो.

आपल्या भागात हा शब्द कडूही आहे, हे मान्य केले पाहिजे. पाटील-कुलकर्ण्यांचे वतन म्हणजे मान. महार वतन म्हणजे तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या गावाची वेठ. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना, १९२८ साली, डॉ. आंबेडकरांनी १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी कायदेमंडळात विधेयक आणले, ते याच जाचामुळे. ज्यांच्या आजोबांनी ही वेठ सोसली, त्यांना बायबलमधले वतन समजावताना मी क्रम आधी सांगतो. गावच्या वतनात चाकरी टाळली की जमीन जात असे; इथे आधी पुत्रपण मिळते आणि सेवा त्यातून उगवते. “मुले आहोत तर वारीसही आहोत,” असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे.

वारसा गमावणे म्हणजे काय, हेही इथल्या ख्रिस्ती लोकांना ऐकून ठाऊक नव्हते, अनुभवाने ठाऊक होते. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क बुडू नये, असा कायदा १८५० साली झाला. १८३१ साली बेळगावातच जन्मलेले मराठी लेखक बाबा पदमनजी या कायद्यानंतर चार वर्षांनी ख्रिस्ती झाले. पण घराचे दार बंद झाले तर कायदा ते उघडून देत नाही. ‘अविनाशी, निर्मळ व अक्षय वतन’ हे पेत्राचे शब्द पांगलेल्या, उपऱ्या ठरलेल्या लोकांनाच लिहिलेले आहेत, आणि पेत्राला दिलेले तेच वचन सांगताना, सोडले त्याच्या शंभरपट मिळेल याबरोबर मार्क आपल्या शुभवर्तमानात छळाचाही उल्लेख करतो.

मग अधिक केले तर अधिक मिळते काय? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रत्येकाचे काम अग्नीने पारखले जाईल, ज्याचे काम टिकेल त्याला प्रतिफळ मिळेल आणि ज्याचे जळेल त्याचे नुकसान होईल, तरी तो स्वतः तारला जाईल, असे आहे. प्रतिफळात फरक असू शकतो. वारसपणा मात्र त्या कामावर टांगलेला नाही. या मुद्द्यावरून सोळाव्या शतकात पाश्चात्त्य मंडळी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशी दुभंगली. १५४७ साली कॅथलिकांच्या ट्रेंट येथील परिषदेने सार्वकालिक जीवन हे कृपाही आहे आणि प्रतिफळही, असे मांडले. १९९९ साली कॅथलिक आणि लूथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट) मंडळींनी नीतिमान ठरवले जाण्याविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि २००६ साली मेथडिस्ट हे प्रॉटेस्टंटही त्यात सामील झाले. बेळगावात कॅथलिक आणि मेथडिस्ट दोन्ही आहेत, तेव्हा आपल्या वर्गात दोन्हीकडचे कोणी असतील तर मत्तयाचा २०वा अध्याय त्यांच्यासह एकत्र बसून वाचावा, आणि सुरुवात १९व्या अध्यायातील पेत्राच्या प्रश्नापासून करावी.